पांढऱ्या कड्याखालचा मासा

रेविननं सहा मासे खरे सांगितले आणि सातवा खोटा.

"पांढऱ्या कड्याखाली एक आहे," बटाट्यांचं भांडं नवऱ्यापुढे सरकवत ती म्हणाली. "मोठा आहे. तीन किलोच्या वरच."

नेविलचा काटा हवेतच थांबला. "कुठे नेमका?"

"फुटक्या बीच वृक्षासमोर, काठापासून गळाच्या दोन काठ्या आत. बुडाला धरून आहे. शेपूट हलतेय, मधूनच उजवीकडे सरकून खातोय."

नेविलनं सातही मासे पहिल्यापासून म्हणून दाखवले. कुठला डोह, कुठलं झाड, काठापासून किती आत, तोंड कुठल्या बाजूला. पोरं पाढे म्हणतात तसं तीनदा म्हटलं, एकदाही चुकला नाही. मग खूश होऊन त्यानं मटणाचा आणखी एक तुकडा वाढून घेतला. त्याला असं चवीनं खाताना रेविनला बघवेना, पण तिनं काही आपले शब्द मागे घेतले नाहीत.

आता नवरा-बायकोनं जेवणाच्या टेबलावर बसून मासे पाठ करायचे, हे काय खूळ, असं कुणालाही वाटेल. आम्हा खोऱ्यातल्या लोकांनासुद्धा ते नंतरच कळलं. नेविल टॅरंट हा टॅलिस ओढ्याचा गाइड. चौतीस हंगाम त्यानं पैसे देऊन येणाऱ्या पाहुण्यांना या ओढ्यावर ट्राउट मासे धरायला नेलं. इथे नुसता गळ पाण्यात सोडून बसायची सोय नाही. पाणी नितळ, मासे जंगली, मोठे आणि मोजके. एका डोहात एक, फार तर दोन. उगीच गळ फेकत बसलात तर दिवसभरात सर्दी तेवढी मिळेल. आधी मासा दिसावा लागतो, आणि तो पाहुण्याला बापजन्मी दिसत नाही. दिसतो तो गाइडला. गाइड वर काठावर उभा राहून सांगतो, घड्याळाच्या अकराच्या दिशेला, आठ मीटर, टाक. पाहुणा खाली गुडघाभर पाण्यातून निव्वळ त्याच्या भरवशावर गळाला बांधलेली पिसांची माशी तिथे टाकतो. तेव्हा गाइड म्हणजे डोळे. डबा आणि बोचकी उचलायला माणसं पुष्कळ मिळतात.

आणि नेविलचे डोळे तीन वर्षांपूर्वीच गेले होते. पुरते नाही. कडेकडेचं दिसायचं, झाडं, काठ, वाट, आभाळ, सगळं ठीक. पण जिथे बघावं तिथेच नेमका धुराचा गोळा. डॉक्टरांनी सांगितलं की हे बरं होणारं नाही, वाढणारं आहे. नेविलनं ऐकून घेतलं, पिकअपमध्ये येऊन बसला आणि रेविनला म्हणाला, "कुणाला बोलायचं नाही. एवढा एक हंगाम काढू." एक हंगाम म्हणता म्हणता आता तिसरा चालू होता.

मग रेविनच त्याचे डोळे झाली. पाहुणा यायच्या आदल्या दुपारी ही एकटी ओढ्यावर जायची. साठी उलटलेली बाई, उजवा गुडघा कामातून गेलेला. दगडांवरून बसत-घसरत प्रत्येक डोहाच्या वर जाऊन थांबायची. चिलटं मान आणि मनगटं फोडून काढायची, पण हात हलवायची सोय नाही, कारण हात हलला की मासा पळाला. डोळ्यांत तेल घालून पाण्यात बघायची आणि एकेक जागा मनात बसवायची. जंगली ट्राउट आपली जागा सहसा सोडत नाही; आज ज्या दगडाआड आहे तिथेच उद्या सापडतो. सकाळी उठून ती पिसांच्या बारा माश्या बारीक दोऱ्यांना बांधून बुचांवर गुंडाळून द्यायची, म्हणजे नेविलला फक्त फासात फास अडकवायचा राही, तो त्याला बोटांनीच जमायचा. पाहुण्यांना वाटायचं, काय हा कसबी माणूस. काळ्या चष्म्याआड डोळे कुठे बघताहेत हे कुणाला कळणार?

एवढं सगळं तिनं आणखी दहा वर्षंही केलं असतं, असं तिचं म्हणणं, आणि मला ते खरं वाटतं. पण नेविलला एक खोड लागली होती. संध्याकाळी पाहुणे अंगणात बिअर पीत बसले आणि कुणी म्हणालं की काय नजर आहे रे तुझी, की हा हमखास म्हणायचा, "नजर आमच्या घराण्यातच आहे. बायकोला मात्र मासा फक्त ताटात दिसतो." पाहुणे हसायचे. रेविनही हसायची. पहिल्या वर्षी तिला वाटलं, कुणाला संशय येऊ नये म्हणून बोलतो. दुसऱ्या वर्षी वाटलं, सवयीनं बोलतो. यंदा तिला कळून चुकलं की त्याला ते खरंच वाटायला लागलंय. मासे आपणच बघतो असं त्याच्या मनानं घेतलं होतं, आणि ती म्हणजे डबा घेऊन येणारी बाई.

जानेवारीत मोठा पूर आला आणि ओढ्याचं पात्र हललं. नेविलला ते हललेलं दिसलं नाही. त्यानं एका पाहुण्याला जुन्या उताराच्या जागेवरून पाण्यात घातलं. माणूस गळ्यापर्यंत बुडाला, त्याची गळाची काठी वाहून गेली, तो कसाबसा पलीकडे निघाला. वर नेविलनं त्यालाच झापलं, सांगितलं तिथे पाय का नाही ठेवला म्हणून. त्या दिवशी रेविननं स्पष्ट सांगितलं की आता पुरे झालं, घर विकू आणि नेल्सन शहरात ब्रायरजवळ जाऊ. ब्रायर म्हणजे त्यांची मुलगी. तिचं धाकटं बाळ पाच महिन्यांचं झालं होतं आणि रेविननं त्याला अजून मांडीवर घेतलं नव्हतं, कारण हंगाम.

"तुला जायचं तर जा," नेविल म्हणाला. "मला इथून न्यायचं असेल तर मेल्यावर ने."

तिनं पुन्हा विचारून बघितलं, रडून बघितलं, अबोला धरून बघितला. सुंभ जळाला तरी पीळ काही जाईना. मग तिनं विचारणंच सोडलं.

आमच्या पबात गल्ल्यामागे एक फळा आहे. ज्या गाइडनं मासा म्हणून पाहुण्याला दगड दाखवला, त्याचं नाव त्या फळ्यावर खडूनं लिहितात. पाण्याखालचा लांबट दगड आणि त्यावरून हलणारा प्रवाह, भल्याभल्यांना मासा वाटतो. पाहुण्याला वाटला तर हसून सोडून देतात. गाइडला वाटला की त्याची अब्रू गेली. त्यानं सगळ्या पबाला बिअर पाजायची, आणि दुसरा कुणी तीच चूक करीपर्यंत त्याचं नाव फळ्यावर. खोऱ्यातल्या झाडून सगळ्या गाइडांचं नाव कधी ना कधी लागलेलं आहे. नेविलचं चौतीस वर्षांत एकदाही नाही, आणि तो ते कुणाला विसरूही देत नसे. चारचौघांत त्याची मान ताठ असे ती फळ्यावर कधीच न लागलेल्या नावाच्या जोरावर.

त्याच पुरानं पांढऱ्या कड्याखाली एक दगड आणून टाकला होता. लांबट, तपकिरी, मागच्या टोकाला शेवाळाचा झुपका. रेविन स्वतः दहा मिनिटं त्याला मासा समजून बसली होती. कळलं तेव्हा तिला हसू आलं, आणि मग हसू थांबलं. नेविलला या दगडाचा पत्ता नव्हता. तिनं सांगितला नव्हता. एकदा फळ्यावर नाव लागलं की हा माणूस ओढ्यावर पाऊल ठेवणार नाही, हे तिला चाळीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. तिनं मार्चपर्यंत वाट बघितली, ह्यू अ‍ॅटवेल येईपर्यंत.

ह्यू हा डनीडिनचा दंतवैद्य, अकरा वर्षं नेविलकडे येणारा. गळ बरा टाकायचा. माणूस सोन्यासारखा, फक्त तोंड कधी बंद नाही. दुपारी ओढ्यावर शिंकलेलं संध्याकाळी पबात. म्हणून तर रेविननं त्याला निवडला. आणि म्हणून त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिनं सातवा मासा सांगितला.

दुसऱ्या दिवशी ती साडेअकराला मटणाची सँडविचं, फळांचा केक आणि चहाचा थर्मास घेऊन निघाली. पाहुण्यांचं दुपारचं जेवण पांढऱ्या कड्यापाशी, हा जुना शिरस्ता. वळणाअलीकडेच तिला नेविलचा आवाज ऐकू आला.

"उजवीकडे सरकला. बघ, बघ, तोंड उघडलं. आतलं पांढरं दिसलं का?"

"नाही रे," खालून ह्यू म्हणाला.

"तुला काय दिसणार म्हणा. परत खाली बसला. आता टाक. हातभर पुढे."

रेविननं पिशवी गवतावर ठेवली आणि काठावर बसली. तिचा हिशेब असा होता की हा चार-सहादा टाकायला लावेल, मासा हलेना म्हणून गडबडेल, ह्यूला शंका येईल आणि प्रकरण तिथेच आटपेल. नेविल इतका आनंदात असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. सकाळपासून दोन मासे हाती लागले होते, ह्यू खूश होता, आणि नेविलला तर भरतं आलं होतं. तिनं सांगितलं होतं तेवढ्यावर तो थांबत नव्हता. मासा माशीकडे वळला, नाक लावून गेला, नाकारली. त्याच्या डाव्या कल्ल्यापाशी जुना व्रण आहे. हा तोच, तीन वर्षांपूर्वी आपल्या हातून सुटलेला, आपण ओळखलं त्याला. व्रण काही रेविननं दिला नव्हता. ती ऐकत राहिली, आणि तिला कळलं की हा खोटं बोलत नाहीये. त्याला तो मासा दिसतो आहे, मध्ये धुराचा गोळा असूनही दिसतो आहे, कारण ती तसं म्हणाली होती.

तास गेला. सात माश्या बदलून झाल्या. ह्यूचा खांदा भरून आला, तरी नेविल त्याला पाठीवर हात ठेवावा इतक्या मायेनं सांगत होता, घाई नको, तो दमलेला नाही, आपणही दमायचं नाही. कशाला मांडला हा खेळ, असं रेविनच्या मनात आलं. आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं सँडविचं बाहेर काढली. जेवण वाळतंय चला, म्हणायचं, आणि मासा तेवढ्यात पळाला असं सांगून टाकायचं, एवढं तिनं ठरवलंसुद्धा.

तेवढ्यात ह्यूनं वर बघितलं. "रेविन, तू बघ जरा. तुला दिसतोय का? मला शंका यायला लागली आहे."

"तिला काय विचारतोस?" नेविल म्हणाला. "तिला मासा फक्त ताटात दिसतो."

ह्यू हसला. सवयीनं रेविनही हसली. मग तिनं सँडविचं पुन्हा कागदात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

"मी जवळ जाऊन टाकतो," ह्यू म्हणाला.

नेविलनं त्याला दबक्या आवाजात थांबवायचा प्रयत्न केला. पुढे जाऊ नकोस, पळेल, तासाची मेहनत पाण्यात घालवशील. पण ह्यू निघाला होता. पाणी गुडघ्याच्या जरा वर आलं. तो वाकला, बराच वेळ खाली बघत राहिला. मग त्यानं काठी काखेत धरली, एक पाय वर उचलून ठेवला, दुसराही ठेवला आणि ताठ उभा राहिला. भर डोहात, आणि पाणी त्याच्या घोट्यापर्यंत.

"गेला ना?" नेविल काठावरून म्हणाला. "घालवलास ना? वर गेला की खाली?"

ह्यूनं नेविलकडे बघितलं, त्या काळ्या चष्म्याकडे, मग रेविनकडे. अकरा वर्षांतल्या शेवटच्या तीन वर्षांचं सगळं त्याला एका क्षणात उलगडलं होतं. बुचांवरचे दोरे, पाठ केल्यासारखे मासे, सगळं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. तिनं फक्त 'पळाला' एवढंच म्हणायचं होतं. त्यानं मान डोलावली असती, काठावर येऊन सँडविच खाल्लं असतं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट पोटात ठेवली असती. रेविनला हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता आलं.

"रेविन," नेविल म्हणाला, "तू उंचावर आहेस. कुठल्या बाजूला गेला?"

पाहुण्यादेखत त्यानं तिला असं तीन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं होतं.

"कुठेच गेला नाही," ती म्हणाली. "ह्यू त्याच्यावर उभा आहे."

नेविलला ती थट्टा वाटली. तो हसण्याच्या बेतात होता. "काय बोलतेस?"

"दगड आहे, नेविल. तासभर तू त्याला दगड दाखवतोयस."

"कसा असेल? तूच तर," एवढं बोलून तो थांबला. ह्यू ऐकत होता, म्हणून थांबला. एवढं होऊनही त्याला आपलं गुपित झाकायचं होतं. तिथेच रेविनचा तोल गेला. तिथूनही परत फिरता आलं असतं, पण तिला आता थांबायचंच नव्हतं.

"बोल ना, मीच तर काय?" ती म्हणाली. "सांग त्याला कोण बघतं मासे. तीन वर्षांत तू एक तरी बघितलास का? मला निदान ताटातला दिसतो. तुला तो तरी दिसतो का रे?"

"रेविन, पुरे," ह्यू म्हणाला. तो दगडावरून पाण्यात उतरला. नेविल चष्मा नीट करत उभा राहिला. त्यानं दोन्ही बाजूंना मान वळवून बघितलं, डोळ्यांच्या कडेनं काही सापडतं का बघावं तसं, आणि मग वाटेकडे वळून एकटाच चालू लागला. वाट त्याला पाठ होती.

घरी आल्यावर त्यानं बूट काढले, मोजे दोरीवर टाकले आणि स्वयंपाकघरात येऊन बसला. रेविन ओरड्याची वाट बघत होती. ओरड्याला उत्तरं तिच्याकडे तीन वर्षांची तयार होती.

"काल सांगताना तुला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"होतं."

"बाकीचे सहा?"

"ते खरे होते."

"कशावरून?" नेविल म्हणाला.

रेविननं उठून चहाचं आधण ठेवलं.

ह्यूनं पबात अवाक्षर काढलं नाही. रेविनचा तेवढा अंदाज साफ चुकला. त्या तोंडाळ माणसानं चार दिवस बिअर पीत हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि घरी गेला. शनिवारी नेविल स्वतःच आला. मी तिथे होतो. त्यानं गल्ल्यामागे जाऊन हातानं चाचपत फळा शोधला, खडू मागितला आणि आपलं नाव लिहिलं. अक्षरं एकमेकांवर चढली. मग सगळ्यांना बिअर पाजली, शिरस्त्याप्रमाणे, आणि म्हणाला, "दगड होता रे. पण चांगला तीन किलोचा." कुणाला हसायचं धैर्य होईना, म्हणून तोच हसला. तो गेल्यावर फळा पुसून टाकावा असं कुणीतरी सुचवलं. पण माणसानं स्वतः येऊन लिहिलेलं नाव पुसायचं कसं, म्हणून ते तसंच राहिलं.

घर एप्रिलमध्ये विकलं गेलं. रेविनला हवं होतं ते सगळं झालं. नेल्सनमध्ये ब्रायरच्या घराशेजारी दोन खोल्या मिळाल्या, नातवंड मांडीवर आलं, गुडघ्याला आराम पडला. नेविलनं एकही वाकडा शब्द काढला नाही. तो तिच्याशी नीट बोलायचा, चहाला चांगला म्हणायचा. त्यानं फक्त एक केलं. तिनं सांगितलेलं मानायचं सोडून दिलं.

दूध ताजं आहे म्हणाली की हा वास घेऊन बघायचा. बाहेर पाऊस नाही म्हणाली की खिडकीतून हात बाहेर काढायचा. ह्यूचं पत्र आलं, ते तिनं वाचून दाखवलं. यानं घडी करून खिशात ठेवलं आणि संध्याकाळी जावयाकडून परत वाचून घेतलं, शब्दाला शब्द जुळतो का ऐकत. जावई बिचारा अवघडून गेला. धुराचा गोळा हिवाळ्यात वाढला, आता कडेचंही जेमतेम दिसायचं, आणि तो दिवसभर भिंती, टेबलं, कप असं सगळं हातानं तपासत राहायचा. रेविन आधी चिडली. मग तिनं समजावलं, की मी तुझ्यासाठीच केलं, एखादा पाहुणा बुडून मेला असता. शेवटी एकदा रडून म्हणाली, "चाळीस वर्षांत एकदा खोटं बोलले, नेविल. एकदा."

"असेल," तो म्हणाला. "मला कसं कळणार?"

जुलैमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, एकदा ती दोघं पोस्टात निघाली होती. गार वारा सुटला होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रेविननं त्याचं कोपर धरलं होतं. पदपथाच्या कडेला ती थांबली, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं.

"चल," ती म्हणाली. "मोकळा आहे."

नेविल हलला नाही. तिनं कोपर जरासं ओढलं, तरी तो तसाच उभा. मागून कुणीतरी येत होतं, कुत्र्याला फिरवायला निघालेला एक माणूस, दोघांच्याही ओळखीचा नाही. पावलं जवळ आली तसा नेविल त्या बाजूला वळला.

"माफ करा," तो म्हणाला, "गाडी येतेय का हो?"

त्या माणसानं रस्त्याकडे बघितलं. मग रेविनकडे बघितलं, तिच्या नवऱ्याच्या कोपरावरच्या तिच्या हाताकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "रस्ता रिकामा आहे."

"आभारी आहे," नेविल म्हणाला आणि त्यानं पाऊल खाली टाकलं. रेविन त्याचं कोपर धरून त्याच्याबरोबर पलीकडे गेली.